मोज्यांची अंगाई

बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. आजीच्या नातीनं आपल्या लेकराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, खिडकीतून बस दाखवली, नळ सोडून पाणी दाखवलं. काही उपयोग झाला नाही. उद्यापासून तिला कामावर जायचं होतं, आणि आजी गेल्यापासून बाळ दुपारचं कुणाकडेच झोपत नव्हतं.

“आजीचं गाणं म्हण की,” मामा म्हणाला. बस डेपोत लावून तो तसाच गणवेशात आला होता.

“चाल येते रे मामा. शब्द नाही येत.”

“कसे येतील? पहिल्या ओळीलाच घोरायचीस,” तिची आई म्हणाली. हातातली दुपटी बाजूला ठेवून तिनं घसा खाकरला. “ऐक. असं आहे ते.

नीज माझ्या सोन्या, बस पहाटे सहाची
हॉटेलात वाट बघे रास मळक्या चादरींची.”

“काहीतरीच!” मामा उसळला. “ताई, तू पदरचं घालतेस. आई म्हणायची,

नीज माझ्या राजा, मोजे वाळत घातले
एकाला पडले भोक, उद्या पाहिजे शिवले.”

“अरे, आईनं हे गाणं गावाहून येताना आणलं. तिच्या आईचं गाणं. त्यात तुझे फाटके मोजे कशाला येतील?”

“आणि तुझं हॉटेल? ते काय गावाच्या वेशीवर होतं?”

आईनं दुपटी पुन्हा हातात घेतली. बाळ रडतच होतं.

“मी लहान होते तेव्हा ती हॉटेलच्या धुलाईत कामाला होती,” आई हळूच म्हणाली.

“आणि माझ्या वेळी मोज्यांचा एकच जोड होता. रात्री धुवायची, हीटरवर टाकायची.” मामा खुर्चीत मागे रेलला. “म्हणजे गाणं नव्हतंच ते. उद्याची कामं घोकत होती ती.”

“मग कधी घोकणार? दोन पाळ्या, वर आपण दोघं. शांत बसायला तेवढाच तर वेळ मिळायचा तिला.”

“आणि आपण म्हणायचो, किती गोड गाते.”

“गोडच गायची,” आई म्हणाली.

नात खोलीत येरझाऱ्या घालत होती. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर तिचा उद्याचा सदरा चुरगळून पडला होता. तिनं बाळाचं डोकं मानेशी टेकवून घेतलं आणि चाचरत सूर लावला.

नीज माझ्या बाळा, डबा भरायचा उरला
इस्त्रीवाचून सदरा खुर्चीवर पसरला.

बाळ हुंदका देऊन थांबलं. मग गाण्यातच तिनं बाटल्या उकळल्या, छत्री पिशवीत टाकली, आईला औषधाच्या थेंबांची बाटली दाखवून ठेवली, सगळं त्या एका चालीत. कामं काही संपत नव्हती. एकातून दुसरं निघत होतं, आणि शब्द आपसूक जागेवर बसत होते.

शेवटचं काम गाऊन झालं तेव्हा तिनं मान वाकडी करून पाहिलं. बाळ टक्क जागं होतं. अंगठा चोखत ते एकटक मामाकडे बघत होतं.

मामाची मान कलली होती. तोंड किंचित उघडं, टोपी गुडघ्यावर, पायांत बूट तसेच.

ती गायची थांबली. आईनं ओठांवर बोट ठेवलं.

“थांबू नकोस,” ती कुजबुजली. “आई गेल्यापासून आज पहिल्यांदा डोळा लागलाय त्याचा.”