डोक्यावरचा चष्मा

थोरला भाऊ ज्या अतिरेकी हल्ल्यात गेला, त्यावरच्या सिनेमाचं परीक्षण धाकट्यानं मन घट्ट करून पेपरात लिहिलं. ‘उत्तरार्धातला स्फोट अंगावर येतो, पण मध्यंतरापर्यंत काहीच घडत नाही. नायक नुसता घरभर चष्मा शोधत फिरतो.’

त्या दिवसापासून वहिनी रोज दुपारी एकटीच त्या सिनेमाला जाऊ लागली आणि अर्ध्यातूनच परत येऊ लागली, नुकतीच झोपेतून उठल्यासारखी, कुठलंसं गाणं गुणगुणत.

“आजही चष्मा डोक्यावरच होता ह्यांच्या,” चपला काढता काढता ती म्हणाली.

“वहिनी, उरलेला सिनेमा का गं बघत नाहीस?” धाकट्यानं चाचरत विचारलं.

ती गालातल्या गालात हसली.

“तुम्हीच तर लिहिलंय ना भाऊजी, मध्यंतरापर्यंत काहीच घडत नाही.”