निकेलचे कण

महागड्या प्लॅटिनमऐवजी साध्या निकेलच्या अतिसूक्ष्म कणांनी पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायचा, यासाठी तिने प्रयोगशाळेत पाच वर्षं हाडाची काडं केली. अखेर यश आलं. "पोरीनं नाव काढलं!" म्हणत सरांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली, आणि अहवाल संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीकडे गेला.

आठवड्याभराने तिने सहज म्हणून उरलेल्या कणांची पुन्हा तपासणी केली. त्यांत प्लॅटिनम होतं. ती धावतच सरांच्या खोलीत शिरली.

"सर, घात झाला! आपल्या निकेलमध्ये कुणीतरी प्लॅटिनम मिसळलंय."

सरांनी शांतपणे उठून दार लावून घेतलं.

"ठाऊक आहे. मीच मिसळलं. म्हणून तर अहवालावर सही फक्त तुझी घेतली."