ऊब नावाचं बटण

"रविवारी डबा खोलायचाय," साडू फोनवर म्हणाला. "आमच्यातल्या एकाला 'पुरावा' म्हणतात ना, त्याला आतलं सर्किट उतरवून घ्यायचंय. सगळ्यांना एकेक करून देतो म्हणतोय. मी हो म्हणून बसलो."

मेकॅनिकच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

"कशाला खोलताय? चाललाय चांगला, तर चालू दे."

"अहो साडूभाऊ, इतकं काय लाजायचं? नाव होईल तुमचं."

नाव तर होणारच होतं. कसलं, ते मेकॅनिकला ठाऊक होतं.

बटण शून्यावर

अकरा वर्षांपूर्वी साडूने नवी बेस गिटार घेतली आणि मेकॅनिकचं डोकं खाल्लं. आवाज खणखणीत होता, पण साडूच्या मते थंड. "ऐकू येतो हो, पण छातीत बसत नाही." ॲम्पचा स्पीकर बदलला. गिटारच्या तारा बदलल्या. परत जुन्याच लावल्या. साडू एक सूर वाजवायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "अजून थोडी ऊब हवी."

शेवटी वैतागून मेकॅनिकने पत्र्याचा एक काळा डबा केला. एका बाजूने गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूने ॲम्पकडे बाहेर, मध्ये सरळ तार. वर शून्य ते दहा आकड्यांचं एक बटण, कशालाही न जोडलेलं. शेजारी लाल दिवा आणि त्याच्यापुरती बॅटरी. बटणाखाली त्याने सुबक अक्षरात लिहिलं: ऊब.

बायकोला सांगताना हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. बारीक काम सगळं तिच्याकडे. ती हसली नाही.

"भाऊजी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात," ती म्हणाली. "आणि तुम्ही हे असं."

बटण चारवर

पहिल्या रविवारी साडूला फारसं काही जाणवलं नाही. "मुरायला वेळ लागेल," तो म्हणाला. दर रविवारी साडूकडे जमणाऱ्या या बेसवाल्या, जाड तारांच्या मंडळींचं तसंच असतं. नवी वस्तू मुरल्याशिवाय बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्यातल्या एकाने नऊ वर्षांत तारा बदलल्या नव्हत्या. पोरांना रोज आंघोळ घालायचा, पण तारांना ओलं फडकं लागू द्यायचा नाही.

दुसऱ्या रविवारी साडू दारातच वाट बघत उभा होता. "मुरला हो डबा. चारवर ठेवलाय. बसा, ऐका."

चारवर माया आहे, सातवर गुदमरतं, शून्यावर तोच जुना गारठा, असं तो शपथेवर सांगायचा. मेकॅनिक गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचा. कधीकधी त्यालाही चारवर काहीतरी गोल, मऊ ऐकू आल्यासारखं व्हायचं. संगतीचा परिणाम, असं म्हणून तो स्वतःलाच मनातल्या मनात टपली मारायचा.

पुढे मात्र गंमत गिळता येईना. साडू खरंच सुरेख वाजवायला लागला होता. बोटांची घाई गेली. चार सुरांच्या जागी एकच वाजवायचा आणि तो पुरून उरायचा. भेटेल त्याला सांगायचा, "माझ्या साडूभाऊंची करामत." मेकॅनिकला त्या डब्याकडे बघायचीही लाज वाटू लागली. बॅटरी बदलायलासुद्धा तो हात लावायचा नाही. बायको बहिणीकडे गेली की बदलून यायची.

बटण हलेना

शनिवारी दुपारी दुकानात त्याने बायकोसमोर सगळं ओकून टाकलं. साडू परगावी कार्यक्रमाला गेलेला, डबाही सोबत. नाहीतर गुपचूप आत काहीतरी जोडून ठेवलं असतं.

"खोलू द्या की," बायको हातातल्या रेडिओवरून नजर न काढता म्हणाली.

"माझं हसं झालं तर होऊ दे. पण आठ जणांसमोर त्याला कळणार, की अकरा वर्षं रिकाम्या डब्यावर डोळे मिटून वाजवत होतो. परत गिटार हातात धरेल का तो?"

"मग आधीच सांगून टाका."

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"हसला होतात ना, त्याच."

झाकण

साडूच्या गॅरेजमध्ये आठ खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर डबा. पुरावा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार. किती वाजले सांगितलं तरी हा माणूस घड्याळ दाखवा म्हणायचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं.

मेकॅनिकने साडूला बाजूला ओढलं. "साडूभाऊ, त्यात काही नाहीये हो."

"ऐकलंत?" साडू सगळ्यांकडे वळला. "एवढा कारागीर, आणि म्हणतो काय, त्यात काही नाही."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, खरंच सांगतोय. काही म्हणजे काहीच..."

चौथा स्क्रू टेबलावर पडला. झाकण निघालं. मेकॅनिक जमिनीकडे बघत राहिला. आता कोणीतरी हसेल. आता.

कोणी हसलं नाही.

"सोल्डरिंग बघा," पुरावा हळूच म्हणाला. "मोहरीएवढे ठिपके. एक थेंब इकडचा तिकडे नाही."

मेकॅनिकने वाकून पाहिलं. बटणाच्या पोटातून दोन पिवळ्या वायरी निघून एका बोटभर पट्टीवर गेल्या होत्या. पट्टीवर दहा-बारा पार्ट ओळीने बसलेले. सगळ्यांवर जुनी, घट्ट बसलेली धूळ.

"तुम्हीच केलंत ना हे?" पुराव्याने विचारलं.

"नाही हो," चहाचा ट्रे टेबलावर ठेवत मेकॅनिकची बायको म्हणाली. "यांनी नुसता डबा केला."