लांब शेपटीचा शब्द

"आधी तुमच्या वेबसाइटचा पत्ता सांगा," ती म्हणाली.

"तो नंतर. आधी मला हे शब्द समजू देत," म्हातारा घड्याळजी म्हणाला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

आत येताना तो दारातच जरा घुटमळला होता. मागच्या भिंतीकडे बघत राहिला, तशी ती ओशाळली. त्या भिंतीचे पोपडे निघाले होते आणि रंगाचं काम ती वर्षभर पुढे ढकलत होती.

खोली मुळात वडिलांच्या सलूनची. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी धंदा बंद केला, खुर्च्या विकल्या, पण भिंतभरचा आरसा काही त्यांना काढवेना. त्याच आरशाला लागून तिने टेबल मांडलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून द्यायचा धंदा सुरू केला. धंदा कसला, अजून सगळी बोंबच होती. वेबसाइटवाल्यांना ठाऊक हवेत असे शब्द समजावून सांगणारं एक पान तिने मोठ्या हौसेने लिहिलं होतं. ते वाचून आलेला हा पहिलाच माणूस. त्याला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"किती गिऱ्हाइकं यायला हवीत तुम्हाला?"

"एकच माणूस आला तरी पुरे."

"एकच?"

"जुना आहे. माझ्या फटकळ तोंडामुळे गेला. दुकान बंद करायच्या आत त्याची गाठ पडावी, एवढीच इच्छा आहे."

तिला वाईट वाटलं. एका रुसलेल्या गिऱ्हाइकासाठी एवढा जीव टाकणारा दुकानदार तिने पाहिला नव्हता. तिने खुर्ची पुढे ओढली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. सर्च इंजिनचा बॉट पानोपानी फिरतो, वाचतो, नोंद करून ठेवतो, त्याला इंडेक्सिंग म्हणतात. नोंदच झाली नाही तर पान असून नसल्यासारखं.

"म्हणजे माणूस आहे, पण ठावठिकाणा कुणाला नाही."

"अगदी तसंच. मग बॅकलिंक. दुसऱ्या वेबसाइटने आपल्याकडे बोट दाखवलं की आपली पत वाढते."

"म्हणजे चार लोकांनी नाव घ्यायला हवं. आणि घरच्यांनीच नाव टाकलं असेल तर?"

"मग अवघड आहे," ती हसून म्हणाली. म्हातारा हसला नाही.

त्याच्या प्रश्नांना अंत नव्हता. रँकिंग कोण ठरवतं, ते बदलतं का, पैसे चारून वर जाता येतं का, तो बॉट जुनी पानं विसरतो का. तिलाही सांगताना मजा येऊ लागली. इतक्या उत्सुकतेने तिचं बोलणं घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. वडील चांगले, पण मितभाषी. त्यातून आपल्या माणसांचा विषय निघाला की तोंडाला कुलूपच.

"पानावर येऊन आल्या पावली परत जाणारे किती, तो बाउन्स रेट."

"मी दोनदा गेलो," म्हातारा पुटपुटला.

"कुठून?"

"तुमच्या दारातून. घर हेच का, याची खात्री नव्हती."

तिने आरशात नजर टाकली. बाबांच्या चहाला अजून अवकाश होता. आरशात बघायच्या या खोडीवरून शाळेत मैत्रिणी तिला फार चिडवायच्या.

मग ती तिच्या आवडत्या शब्दाकडे वळली. नुसतं 'घड्याळ' शोधणारे लाखो असतात, त्या गर्दीत छोट्या दुकानाला कुणी विचारत नाही. त्यापेक्षा दोनचार शब्दांचा नेमका शोध धरायचा. त्याला लाँग टेल म्हणतात, लांब शेपटीचा शब्द. शोधणारे थोडे, पण जो शोधतो त्याला नेमकं तेच हवं असतं.

"आणि जगात एकटाच माणूस तो शब्द शोधत असेल तर?"

"तर तो बरोबर त्या पानावर पोचणार. फक्त शब्द दोन्हीकडे तोच हवा."

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"बोला, तुमचा शब्द कोणता?" तिने कीबोर्ड पुढे ओढला.

"लिहा. आरशात बघायचं घड्याळ."

तिने लिहिलं आणि मग तिची बोटं थबकली. यादीत सगळ्यात वर तिचंच पान होतं.

"हे तर मी दिलेलं उदाहरण आहे," ती म्हणाली. "आमच्या घरातला शब्द. बाहेर कुणाला ठाऊकच नाही, म्हणून तर दिला होता. काका, तुम्ही हे का शोधलंत?"

म्हातारा पडद्याकडे बघतच नव्हता. तो समोर आरशात बघत होता. मागच्या पोपडे निघालेल्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरत होते आणि आरशात सरळ वेळ दाखवत होते.

"त्याने चाकं उलटी बसवली तेव्हा मीच हिणवलं होतं, असलं घड्याळ आता आरशात बघत बस म्हणून," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना हाक मार, पोरी. म्हणावं, दादा आलाय."