पहिला मासा

“विचारल्याशिवाय बोलायचं नाही,” म्हातारा बोट वर करून म्हणाला, आणि टाकीवालीच्या हातातला दगड हातातच राहिला.

ती एवढंच म्हणत होती, की साहेब, हा निळा मासा सगळ्यात आधी सोडू नका. सकाळपासून तिला म्हाताऱ्याचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता. आता बोटानं पक्कं केलं. हेडसर.

आठवीत होती ती. आठ मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर बारा मजूर किती दिवसांत? हेडसरांनी फळ्यावर ठोकून लिहिलं, नऊ. ही मागच्या बाकावरून म्हणाली, सर, चुकलं. झालं! हेच बोट, हेच वाक्य. मग तेच वाक्य पुठ्ठ्यावर लिहून गळ्यात अडकवलं आणि मधली सुट्टीभर शाळेच्या फाटकात उभं केलं. धाकटा भाऊ समोरून गेला तो मान खाली घालून. दुसऱ्या दिवसापासून तिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही.

आणि या माणसानं तिला ओळखलंसुद्धा नव्हतं.

“बरं साहेब,” ती म्हणाली.

माशांची काचेची टाकी सहा फुटी. दिवाणखान्याची अर्धी भिंत खाऊन बसलेली. बाजूला दोन पिंपांत खारं पाणी कालपासून घुसळत होतं. तळाला वाळू पसरून झाली होती, आता दगड रचायचे होते. नुसता मोकळा उतार करायचा, असं तिनं घरून ठरवून आणलं होतं. तिनं बादलीत तरंगणाऱ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत तो मासा होता, अंगठ्याएवढा, निळाजर्द, दिसायला गरीब.

कच्च्या, न मुरलेल्या पाण्यातही हा मरत नाही, म्हणून दुकानदार नवख्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात हाच मारतात. पण हा आधी घुसला की टाकी याची. मागून येणारा केवढाही असो, हा त्याला चावून चावून कोपऱ्यात मारतो. याला पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात. म्हणजे, सुटे असले तर.

तिनं उतार मोडला. मधोमध एक गुहा बांधली. तिच्या पोटात आणखी एक. मागून पळवाट.

“हलता कामा नये हं एकही,” हेडसर म्हणाले.

“घण घातला तरी हलणार नाही, साहेब.” तिनं चिकटवायची लांबी मळली आणि प्रत्येक फटीत अंगठ्यानं दाबून दाबून भरली. नखं दुखेपर्यंत.

पाणी चढलं. वाळूचा धुरळा खाली बसला. हेडसरांची बायको स्टूल ओढून टाकीसमोर बसली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी टॉर्च धरून.

“आणि माझा पिवळा मासा कधी आणायचा गं?”

“महिनाभर थांबा, काकू. नव्या टाकीत पाणी मुरायला वेळ लागतो. निळाही खरं तर...”

“निळा आजच,” हेडसर म्हणाले.

“आणि याचं नि पिवळ्याचं पटेल ना?” काकूंनी विचारलं. तिला विचारलं.

टाकीवालीनं तोंड उघडलं. सकाळी काकूंनी चहा आणून दिला होता, बशीसकट, आणि “आधी बस तरी,” म्हणाल्या होत्या. त्यांना सांगून टाकावं. एक वाक्य तर होतं.

“न पटायला काय झालं?” हेडसरच मधे पडले. “एवढासा जीव तो! मी वाचलंय सगळं. आणि तिला काय विचारतेस? शाळा तरी पुरी केली असेल का तिनं?”

काकू ओशाळल्या. टाकीवालीनं बादलीतली पिशवी उचलली.

तिनं पिशवी टाकीत तरंगत ठेवली, वाटीवाटीनं आत टाकीचं पाणी घातलं, मग हळूच जाळीनं माशाला उचलून टाकीत सोडलं. घाई केली नाही. मासा क्षणभर तिथेच थांबला. मग सरळ गुहेत गेला, वळला, आणि दारात येऊन बाहेर बघायला लागला.

“वा!” हेडसरांनी काचेला बोट लावलं. मासा सपकन आला आणि आतून बोटावर धडकला. पुन्हा धडकला. “बघितलंस? ओळखायला लागला मला!”

काकू हसल्या. टाकीवालीनं बादल्या एकात एक घातल्या, नळ्या गुंडाळल्या, सांडलेलं पाणी पुसलं. ती दारात चपला चढवत होती, तेवढ्यात हेडसर मागून आले. काम मनासारखं झालं होतं. खुशीत होते.

“हं, आता बोल. काही सांगायचं राहिलंय का?”

विचारलं होतं त्यांनी. स्वतःहून.

तिनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. काकू काचेला नाक लावून बसल्या होत्या. निळा गुहेच्या तोंडाशी पर पसरून उभा होता.

“हो सर,” ती म्हणाली. “मजूर वाढले की दिवस कमी होतात. नऊ नव्हे, चार.”