वाकवण्याची चाचणी

पहिली थोबाडीत बसली तेव्हा मेहुणा आकडा लिहायच्या बेतातच होता. पेन उडून यंत्राखाली गेलं. यंत्राने मात्र आपलं काम सोडलं नाही. फिल्मची पट्टी वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची.

"आकडा मीटरचा आहे, दाजी. माझा नाही," गाल चोळत तो म्हणाला.

दाजी खरं तर त्याच्या एकट्याचे. पण त्याला चाचणीच्या कामाला त्यांनीच चिकटवल्यापासून सगळा कारखाना त्यांना दाजीच म्हणे. उभी हयात त्यांनी काचेवर थर चढवला होता. डोळ्याला न दिसणारा, पण वीज वाहून नेणारा. काचेचं खातं बंद पडलं आणि घडी घालता येणाऱ्या पडद्यांसाठी तोच थर प्लॅस्टिकच्या फिल्मवर चढवायचं काम आलं. दाजींनी जुनाच हात चालवला. सांगितला होता त्याच्या दुप्पट जाड थर दिला. जाड म्हणजे टिकाऊ, यात विचारायचं काय? आणि विचारायचं तर मेहुण्यालाच विचारावं लागलं असतं. जावयाला ते कसं जमावं!

फिल्म दहा हजार वेळा वाकून शाबूत राहिली तर काम दाजींकडे. नाहीतर दाजी घरी. चार हजार शंभराव्या वाकवणीला मीटर उसळलं होतं, म्हणजे थरातून वीज नीट जात नव्हती, आणि ग्राहकाची माणसं खाली कचेरीत येऊन बसली होती.

दाजींनी पट्टी यंत्रातून ओढून खिडकीच्या उजेडात धरली. "कुठे तडा आहे? दाखव."

फिल्म पाण्यासारखी स्वच्छ होती. मेहुण्याने सांगितलं, तडे दिसण्यातले नाहीत. थर जाड झाला म्हणून आतल्या आत मोडला. एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं.

"काचेला कधी वाकावं लागत नव्हतं, दाजी."

दाजींनी त्याची मान धरली आणि कपाळ यंत्राच्या कडेवर आदळलं. एकदा. मग परत. बहिणीचा संसार उठवायला निघालास, माझ्या घासावर वाढलास, असं बरंच काही ते बोलत होते. जेवला होता तो त्यांच्या घरी, चार महिने. टेबलाचा आधार घेऊन मेहुणा उठू लागला. त्याचा उजवा पंजा टेबलावर पसरलेला होता. दाजींनी फिल्मच्या रोलमधला पोलादी दांडा उपसला आणि त्या पंजावर घातला.

आवाज फारसा मोठा झाला नाही.

जिन्यावर पावलं वाजली तसे दाजी भानावर आले. तो हात आपल्या हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला. रक्त नव्हतं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पास लिही आणि सही कर."

यंत्राखालचं पेन त्यांनी स्वतः वाकून काढलं आणि मेहुण्याच्या बोटांत दिलं. ते पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. बोटं सरळ होती, स्वच्छ होती. फक्त मिटत नव्हती.

तिसऱ्यांदा मेहुण्याने पेन डाव्या हातात घेतलं. अक्षर पहिलीतल्या पोराचं आलं, पण चार हजार शंभर हा आकडा वाचता येत होता.