पेरूच्या आतला गुलाबी

“हं, सोड तोटी,” परीक्षक म्हणाले.

मुलीने तोटी सोडली नाही. ती काचेच्या त्या लांब नळीकडे खालून वर आणि वरून खाली बघत राहिली. हिला ब्युरेट म्हणतात हे तिला तोंडपाठ होतं. पण तिच्या शाळेत ब्युरेट म्हणजे खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली फूटपट्टी. ही तर आरपार दिसत होती, आणि हिच्यात खरोखर काहीतरी भरलेलं होतं.

“ही एवढी गार असते?” तिने विचारलं.

“काच आहे बाळ, गारच असणार. चल, बाकीच्या शाळा खोळंबल्यात.”

वर्गात तिला सगळे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. उत्तर मिळालं की तिला त्या उत्तरातून आणखी दोन प्रश्न फुटत. म्हणूनच दर शाळेतून एकच मूल बोलावलं, तेव्हा वर्गाने या मोठ्या शाळेतल्या प्रात्यक्षिकाला एकमुखाने तिला धाडलं होतं.

तिच्या शाळेची प्रयोगशाळा खर्चकपातीत गेली होती. आधी शास्त्राचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा कुणी भरलीच नाही. मग एक टेम्पो आला आणि काचसामान, कपाटं, अगदी हात धुवायचं बेसिनसुद्धा उचलून याच मोठ्या शाळेत घेऊन आला. तुमच्याकडे वापरणारं कोण आहे, असं वरून ऐकवलंही. शास्त्र वेळापत्रकात तेवढं राहिलं, आणि ते पडलं चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात. बाई रडत बसल्या नाहीत. पुस्तक घेऊन फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सामान गेलं तर गेलं. हात आहेत ना जागेवर?”

तेव्हापासून अख्खा वर्ग हवेत प्रयोग करायचा. डाव्या हाताने नसलेली तोटी फिरवायची, उजव्या हाताने रिकामी बाटली गोल गोल हलवायची. बाटलीत आम्ल, पट्टीत आम्लारी, आणि थेंबाथेंबाने आम्ल संपलं की बाटलीत गुलाबी रंग येतो, असं धरून चालायचं. सगळ्यांचे डोळे बाईंकडे लागलेले. बाई मध्येच ओरडायच्या, “आला रंग!” त्याच क्षणी तोटी बंद. ज्याचा हात उशिरा थांबला त्याचा प्रयोग फुकट, कारण एक थेंब जास्त पडला तरी गणित चुकतं. हसून हसून मुलांची पोटं दुखत, पण हात मात्र असे तयार झाले होते की बघत राहावं.

“बाई, गुलाबी म्हणजे नक्की कसा गुलाबी?” प्रश्नपत्रिकेने एकदा विचारलं होतं.

“पिकलेला पेरू कापल्यावर आत असतो ना, तस्सा,” बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या होत्या. चित्रकलेच्या बाई त्या. रंगाच्या बाबतीत त्यांच्याशी कोण वाद घालणार?

आजची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नव्हती. वरून तसं कळवलंच होतं: आज रंग बरोबर पकडला, तर तिच्या शाळेत दहावीपर्यंत शास्त्र राहणार होतं. नाही पकडला, तर पुढच्या वर्षी दहावीची मुलं दोन बस बदलून या मोठ्या शाळेत येणार होती. तिच्या बाबांनी तर आधीच सांगून टाकलं होतं, एवढ्या लांब पोरीला धाडायचं नाही, नववी झाली तेवढी बास. हे बाईंना ठाऊक होतं. त्या मागे भिंतीशी उभ्या होत्या. शिक्षकांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

मुलीने तोटी सोडली. डावा हात तोटीवर, उजव्या हातात चंबू, मनगट सैल. परीक्षकांच्या भुवया वर गेल्या.

“वा, हात छान बसलाय. रोज करता वाटतं प्रयोग?”

“रोज,” ती म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

थेंब पडत होते. खरे थेंब, टपटप आवाज करणारे. पाण्यासारख्या त्या द्रवात जरा कुठे गुलाबी डोळा उघडायचा आणि चंबू हलवला की मिटायचा. कुठे जातो हा रंग? परत का येतो? तिला हजार प्रश्न पडले, पण हात थांबला नाही. मग एकदा तो मिटलाच नाही. चंबूभर अगदी पुसट, आहे की नाही असं वाटणारी गुलाबी झाक पसरली.

परीक्षक पुढे झुकले.

तिने मान वळवून बाईंकडे बघितलं. हाच का तो? पण हा पेरूसारखा कुठे आहे? बाईंची नजर चंबूवर खिळली होती. पापणीसुद्धा लवत नव्हती. मान हलली नाही, डोळ्यांनी खूण झाली नाही. म्हणजे अजून आला नाही, असं मुलीने ठरवलं आणि ती थेंब सोडत राहिली. रंग गडद होत गेला. अगदी पिकल्या पेरूसारखा झाला, तेव्हा तिने आनंदाने तोटी बंद केली.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

“अगं, रंग मघाशीच आला होता. पुसट होता तेव्हाच थांबायचं असतं. गेला प्रयोग.” त्यांनाही वाईट वाटलं असावं, आवाज खाली आला. “बाईंनी दाखवला नव्हता का कधी?”

“दाखवला होता की!” ती चिडून म्हणाली. “बाई, सांगा ना यांना!”

बाई भिंत सोडून पुढे आल्या होत्या. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी मुलीच्या हातातून चंबू घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, हलकेच फिरवला.

“किती सुंदर असतो गं हा,” त्या म्हणाल्या. “मी पण आज पहिल्यांदाच बघतेय.”